चार लाल नोंदी आणि एक सही: फौजेतून काढलेल्या जवानाचा डिस्चार्ज कसा तपासला जातो

पेन्शनला दोन वर्षं उरलेली असताना एखादा जवान पेटी घेऊन कायमचा घरी आला, की गावात पहिला प्रश्न एकच असतो: "केलं काय त्यानं?" तोच जवान फौजी प्रकरणं लढवणाऱ्या वकिलासमोर बसला की प्रश्न बदलतात. काढलं कोणत्या नियमाखाली? नोटीस आली होती का? उत्तर द्यायला किती दिवस दिले? आदेशावर सही कोणाची? घरच्यांना हे प्रश्न आडवळणाचे वाटतात. आपला मुलगा निर्दोष आहे हे सांगायला ते आलेले असतात आणि वकील मात्र तारखा विचारत बसतो. पण अशा प्रकरणांचे निकाल बहुतेक वेळा या तारखांवर आणि सह्यांवरच लागतात.

याचं कारण जवानाच्या नोकरीच्या घडणीत आहे. सरकारी कारकुनाला काढायचं तर राज्यघटनेचं कलम ३११ आडवं येतं: आरोपपत्र, चौकशी, बाजू मांडण्याची संधी. जवानाला ते कवच नाही. लष्कर कायदा १९५० चं कलम १८ म्हणतं की तो राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत सेवेत असतो. राज्यघटनेच्या कलम ३३ खाली संसदेला त्याचे मूलभूत हक्कही मर्यादित करता येतात. संघटना नाही, संप नाही, वर्तमानपत्रात तक्रार नाही. मग त्याच्या हातात राहतं ते एवढंच की, सैन्याने स्वतःसाठी जे नियम लिहिले ते सैन्याने पाळले पाहिजेत. म्हणून प्रक्रियेतली चूक ही इथे वकिली कावा नसते. जवानाचं संरक्षण जवळजवळ सगळं त्या प्रक्रियेतच आहे.

फौजेतून जबरदस्तीने बाहेर पडण्याचे रस्ते साधारण तीन: डिसमिसल, रिमूव्हल आणि डिस्चार्ज. घरी आल्यावर तिन्ही सारखेच वाटतात, कागदावर मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. डिसमिस झालेल्याचं पेन्शन नियमाने जातं, मग वीस वर्षं नोकरी झालेली असली तरी. राष्ट्रपतींनी खास मंजुरी दिली तरच काही मिळतं. रिमूव्हलमध्ये पेन्शन हक्काने मिळत नाही, सक्षम अधिकारी विचार करून ती पूर्ण किंवा कमी करून देऊ शकतो. डिस्चार्ज झालेल्याची मात्र पंधरा वर्षं भरली असतील तर पेन्शन शाबूत राहते. आणि पंधरा भरायच्या आत डिस्चार्ज झाला तर? मग नुसती पेन्शन जात नाही. गैरवर्तन किंवा अकार्यक्षमता या कारणाने बाहेर काढलेला माणूस सरकारी व्याख्येनुसार 'माजी सैनिक' ठरत नाही, म्हणजे सरकारी नोकरीतल्या माजी सैनिकांच्या राखीव जागा त्याच्यासाठी नाहीत. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड नाही. डिस्चार्ज बुकात चारित्र्याच्या रकान्यात काय लिहिलंय त्यावर पुढे सिक्युरिटी गार्डची नोकरी मिळणंसुद्धा अवलंबून असतं.

आता लाल नोंदींकडे येऊ. सर्वांत जास्त प्रकरणं तिथूनच निघतात.

जवानाने लहानसहान गुन्हा केला की कोर्ट मार्शल होत नाही. सुट्टीवरून आठ दिवस उशिरा आला, रात्री दारू पिऊन सापडला, वरिष्ठाला उलट बोलला, की त्याला कमांडिंग ऑफिसरसमोर उभं करतात आणि लष्कर कायद्याच्या कलम ८० खाली तिथल्या तिथे शिक्षा होते. २८ दिवसांपर्यंत कैद, कडक ताकीद, दंड असं काहीही. यातल्या जड शिक्षा त्याच्या कंडक्ट शीटवर लाल शाईने लिहिल्या जातात. फौजेत या नोंदीला सरळ 'रेड इंक एंट्री' म्हणतात. आणि बरॅकीतला पक्का समज असा की चार लाल नोंदी झाल्या की माणूस घरी.

हा समज चुकीचा आहे. तो चुकीचा असल्याचं न्यायालयाच्या कितीतरी आधी खुद्द लष्कराच्या मुख्यालयाने लिहून ठेवलं होतं.

२८ डिसेंबर १९८८ चं एक धोरणपत्र आहे. नालायक किंवा अकार्यक्षम जवानांना आणि जेसीओंना (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) कसं काढायचं याची पद्धत त्यात दिली आहे. आधी प्राथमिक चौकशी करायची आणि ती निःपक्ष असली पाहिजे. मग शिफारस वर पाठवायची. मग कारणे दाखवा नोटीस द्यायची, उत्तर घ्यायचं, त्यावर विचार करायचा आणि नंतरच आदेश काढायचा. त्याच पत्रात पुढे स्पष्ट केलंय की चार लाल नोंदी झाल्या म्हणून डिस्चार्ज करणं बंधनकारक नाही. प्रत्येक नोंद कशाबद्दलची आहे ते कमांडिंग ऑफिसरने बघायचं. पेन्शन जवळ आलेल्या माणसाशी कठोरपणे वागायचं नाही. त्याची लांब सेवा, खडतर ठिकाणच्या पोस्टिंग, राहण्याची हलाखी हे सगळं तोलायचं आणि सेवेच्या हितासाठी अगदीच गरज असेल तरच काढायचं. एवढं समजूतदार पत्र सरकारी दप्तरात क्वचित वाचायला मिळतं. फक्त बऱ्याच युनिटांमध्ये ते दप्तरातच राहिलं.

सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी 'वीरेंद्रकुमार दुबे विरुद्ध लष्करप्रमुख' या प्रकरणात हेच पत्र समोर ठेवलं. जवानाच्या नावावर चार लाल नोंदी होत्या. कारणे दाखवा नोटीस देऊन त्याला डिस्चार्ज केलं होतं, प्राथमिक चौकशी मात्र झाली नव्हती. सरकारची भूमिका अशी की लष्कर नियम १९५४ च्या नियम १३ मध्ये चौकशीचा उल्लेखच नाही, नोटीस दिली एवढं पुरे. न्यायालयाने ते मानलं नाही. मनमानी होऊ नये म्हणून मुख्यालयाने स्वतः जी पायरी ठरवली, ती गाळून काढलेला आदेश टिकत नाही, आणि नुसती नोंदींची बेरीज करून माणसाला घरी धाडणं हे यांत्रिक काम झालं, असा निकालाचा आशय. जवानाने काहीच केलं नाही असं न्यायालय म्हणालं नाही, हे इथे नीट लक्षात घ्यायला हवं. नोंदी तशाच राहिल्या. रद्द झाला तो डिस्चार्ज.

त्याला मिळालं काय? पुन्हा वर्दी नाही, कारण मधे दोन दशकं उलटून गेली होती. पेन्शनला लागणारी सेवा पूर्ण होईपर्यंत तो नोकरीतच होता असं मानायचं, मधल्या काळाचा पगार द्यायचा नाही, पण पेन्शनसह बाकी लाभ द्यायचे, आणि हे चार महिन्यांत करायचं. पुढे अनेक प्रकरणांत मागणी आणि निकाल याच साच्यातले आलेले दिसतात. म्हणून 'आपल्याला मागचा सगळा पगार व्याजासकट मिळेल' असं कोणी सांगत असेल तर जरा सावध राहावं.

निकालाला दुसरी बाजूही आहे, आणि ती न सांगता आशा दाखवणं बरं नाही. २०१९ मध्ये 'सतगुरसिंग विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिस्चार्ज कायम ठेवला. १९८८ च्या पत्रातली चौकशी म्हणजे साक्षीपुराव्यांची खातेनिहाय चौकशी नव्हे. जवानाच्या उत्तराचा न्याय्य विचार झाला का, एवढंच तिथे बघायचं, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. त्या जवानाने नोटिशीला दिलेलं उत्तर मोघम होतं. यातून निघणारी गोष्ट फार व्यवहाराची आहे: कारणे दाखवा नोटिशीचं उत्तर हा पुढच्या सगळ्या लढाईचा पाया असतो. "साहेब, चूक झाली, एक संधी द्या" एवढंच लिहून दिलं, तर पाच वर्षांनी न्यायाधिकरणात 'माझं ऐकलं नाही' म्हणायला जागा उरत नाही. आई दवाखान्यात होती, म्हणून सुट्टीवरून परतायला उशीर झाला. ही घ्या दवाखान्याची कागदपत्रं. इतकी वर्षं सियाचिनला आणि काश्मीरला काढली. हे सगळं त्याच उत्तरात आलं पाहिजे.

सह्यांचा मुद्दा वर आला होता. नियम १३ सोबत एक तक्ता जोडलेला आहे: कोणत्या दर्जाच्या माणसाला, कोणत्या कारणासाठी, कोणता अधिकारी काढू शकतो. शपथ घेतलेल्या जवानाला 'इतर सर्व कारणे' या सदराखाली काढायचं तर अधिकार ब्रिगेड किंवा सब-एरिया कमांडरचा असतो आणि परिस्थितीने शक्य असेल तर त्याने आधी बाजू मांडायची संधी द्यायची असते. लाल नोंदींचे डिस्चार्ज बहुधा याच सदरात बसवले जातात. त्यामुळे आदेशावर खालच्या अधिकाऱ्याची सही असेल, किंवा उत्तर पोचायच्या आधीच्या तारखेचा आदेश असेल, तर तो दोष पहिल्याच पानावर दिसतो. कधीकधी मोजणीच चुकलेली असते. चारपैकी एक शिक्षा मुळात लाल शाईच्या वर्गात बसणारीच नसते.

हाच तक्ता आजारपणाच्या प्रकरणांतही महत्त्वाचा ठरला. हृदयविकार किंवा मणक्याच्या दुखण्यामुळे ज्याची वैद्यकीय श्रेणी कायमची खाली गेली आहे, त्याला सेवेसाठी अयोग्य ठरवायचं काम इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्डाचं. लष्कराने मात्र अनेकांना 'इतर सर्व कारणे' या सदरात घालून, बाहेर पडताना व्हायची ती रिलीज मेडिकल बोर्डाची तपासणी करून घरी पाठवलं. नोव्हेंबर २००८ मध्ये 'भारत सरकार विरुद्ध राजपालसिंग' या निकालाने हा जवळचा रस्ता बंद केला. नियमात त्या कारणासाठी वेगळं सदर असताना सर्वसाधारण सदर वापरता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. ऐकायला हा खानापूर्तीचा वाद वाटेल, पण त्या बोर्डाच्या अहवालावर अपंगत्व पेन्शन ठरते. भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती तो सेवेमुळेच झाला असं मानून चालायचं आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची, हे २०१३ च्या धरमवीरसिंग प्रकरणापासून पक्कं झालं आहे. बोर्ड चुकीचं बसलं तर हे सगळंच हातातून निसटतं.

मग राहिलं कोर्ट मार्शल, आणि त्यातलंही समरी कोर्ट मार्शल. हा प्रकार बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. न्यायाधीश एकटा कमांडिंग ऑफिसर. दोन अधिकारी किंवा जेसीओ शेजारी बसतात, पण निर्णयात त्यांचं मत नसतं. लेफ्टनंट कर्नल किंवा वरचा अधिकारी असेल तर एक वर्षापर्यंत कैद आणि डिसमिसलही देऊ शकतो. शिक्षा लगेच लागू होते, पक्की करायला वर पाठवावी लागत नाही. नंतर कागद वर जातात आणि वरिष्ठ अधिकारी ती शिक्षा रद्द किंवा कमी करू शकतो. पण कलम १६२ तिथेच बजावतं: गुणवत्तेच्या कारणांवर, केवळ तांत्रिक कारणांवर नाही. म्हणजे सैन्याच्या आतल्या तपासणीत 'फॉर्म चुकीचा भरला' एवढ्याने भागत नाही. चुकीमुळे जवानाचं नुकसान काय झालं ते दाखवावं लागतं.

नुकसान झाल्याचं ठसठशीत उदाहरण म्हणजे 'रणजित ठाकूर विरुद्ध भारत सरकार'. हा सिग्नलमन. त्याने आपल्या कमांडिंग ऑफिसरच्या वागणुकीची तक्रार थेट वर पाठवली, ठरलेल्या मार्गाने नाही. याबद्दल त्याच कमांडिंग ऑफिसरने त्याला २८ दिवसांची सक्तमजुरी दिली. ती भोगत असताना १९८५ मध्ये 'जेवण्याचा हुकूम मोडला' म्हणून समरी कोर्ट मार्शल झालं, आणि न्यायासनावर तोच अधिकारी. शिक्षा: एक वर्ष सक्तमजुरी, डिसमिसल, वर पुढे कोणत्याही सरकारी नोकरीला अपात्र. ताट नाकारल्याबद्दल! १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं रद्द केलं. ज्याच्याशी आधीच वाकडं आलेलं आहे त्याने न्यायाला बसायचं नसतं, 'यांच्यापुढे खटला चालवायला तुझी हरकत आहे का' हे आरोपीला विचारायला हवं होतं, आणि गुन्ह्याच्या मानाने शिक्षा भलतीच मोठी होती. त्याला सर्व लाभांसह परत घ्यायचा आदेश झाला. शिक्षेचं प्रमाण या मुद्द्यावर आजही हा निकाल दाखवला जातो.

कोर्ट मार्शलच्या कागदांत अनुभवी वकील आणखी दोन जागा हमखास उघडून बघतात. एक, गुन्हा कबूल केल्याची नोंद. आरोपीला आरोप आणि कबुलीचे परिणाम नीट समजावून सांगितले का, हे नियम ११५ प्रमाणे बघावं लागतं. छापील वाक्याखाली सही नसली की प्रश्न उभा राहतो. दुसरी, कोर्ट ऑफ इन्क्वायरी. ज्याच्या चारित्र्यावर ठपका येऊ शकतो त्याला नियम १८० प्रमाणे चौकशीभर हजर राहण्याची आणि साक्षीदारांना उलट विचारण्याची संधी द्यावीच लागते.

इथे अमेरिकेकडे थोडं बघण्यासारखं आहे. तिथे डिस्चार्जचे पाच दर्जे असतात, 'ऑनरेबल'पासून 'डिसऑनरेबल'पर्यंत, आणि दर्जा वाढवून मागण्यासाठी प्रत्येक सैन्यदलाचं कायमचं पुनर्विचार मंडळ आहे. सुटल्यापासून १५ वर्षांत साधा अर्ज करता येतो. त्यानंतर किंवा जनरल कोर्ट मार्शलच्या प्रकरणात, सेवेची नोंद दुरुस्त करणारं दुसरं मंडळ. २०१४ पासून युद्धाच्या मानसिक आघाताने ग्रासलेल्यांचे अर्ज सहानुभूतीने तपासण्याचे आदेशही आहेत. १९१७ च्या ह्यूस्टन (टेक्सास) दंगलीच्या प्रकरणात ११० कृष्णवर्णीय सैनिकांना दोषी ठरवून १९ जणांना फाशी दिली होती. ते खटलेच न्याय्य नव्हते असं म्हणत अमेरिकी लष्कराने २०२३ मध्ये सगळ्यांच्या शिक्षा रद्द केल्या. आपल्याकडे असं नोंद सुधारणारं स्वतंत्र मंडळ नाही. प्रत्येकाला तक्रारीच्या आणि खटल्याच्या वाटेनेच जावं लागतं, आणि लाल नोंदींची एवढी प्रकरणं बघता असं मंडळ असायला हवं होतं असं मला वाटतं.

ती वाट अशी. पहिलं काम कागद गोळा करण्याचं: कंडक्ट शीट, नोटीस, त्याचं उत्तर, डिस्चार्जचा आदेश, कोर्ट मार्शल झालं असेल तर त्याची पूर्ण कार्यवाही. हे रेकॉर्ड ऑफिसकडे असतं. तोफखान्याचं नाशिक रोडला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. साध्या अर्जाने न मिळालं तर माहिती अधिकारात मागायचं. मग खात्यातली दाद. कोणत्याही वरिष्ठाकडून किंवा इतर अधिकाऱ्याकडून झालेल्या अन्यायाबद्दल जवानाला लष्कर कायद्याच्या कलम २६ खाली तक्रार करता येते, कोर्ट मार्शलविरुद्ध कलम १६४ चा अर्ज. ही पायरी ओलांडून थेट पुढे गेलं तर सहसा परत पाठवतात.

पुढचा टप्पा सशस्त्र सेना न्यायाधिकरण, म्हणजे एएफटी. २००७ च्या कायद्याने ते आलं आणि २००९ पासून सुरू झालं. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या जवानांसाठी मुंबईत खंडपीठ आहे. बाकावर एक निवृत्त न्यायाधीश आणि एक निवृत्त वरिष्ठ सेनाधिकारी बसतात, त्यामुळे 'ओएसएल' (सुट्टी संपूनही न परतणं) म्हणजे काय हे तिथे समजावून सांगावं लागत नाही. मुदत शेवटच्या आदेशापासून सहा महिने. तक्रारीला सहा महिन्यांत उत्तरच आलं नाही तर तिथून पुढचे सहा महिने. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. न्यायाधिकरण डिस्चार्ज रद्द करू शकतं, कोर्ट मार्शलची शिक्षा कमी करू शकतं, डिसमिसलचं रूपांतर डिस्चार्जमध्ये करू शकतं. वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाच्या घरात या एका बदलाने पेन्शन सुरू होते. कधी फक्त 'नियमाने पुन्हा निर्णय घ्या' असं सांगून प्रकरण परतही पाठवलं जातं. एएफटीनंतर उच्च न्यायालयात रिट करता येतं का यावर बरीच वर्षं गोंधळ होता. २०२३ मध्ये परशोत्तम दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो दरवाजा उघडा असल्याचं स्पष्ट केलं.

उशिराच्या बाबतीत एक गल्लत नेहमी होते. "पेन्शनच्या प्रकरणाला मुदत नसते" असं माजी सैनिकांच्या मेळाव्यात कोणीतरी सांगतं. ते अर्धं खरं आहे. मिळायला हवी ती पेन्शन दर महिन्याला चुकत असेल तर दर महिन्याला नवा अन्याय होतो. म्हणून उशिरा गेलं तरी दाद मिळते, थकबाकी मात्र बहुधा मागच्या तीन वर्षांपुरती, हे २००८ च्या तरसेमसिंग निकालात आलं आहे. डिस्चार्जचा आदेश मात्र एकाच दिवशी झालेला असतो. त्याला आव्हान द्यायला पंधरा वर्षं लावली तर 'इतके दिवस काय करत होता' या प्रश्नाला उत्तर लागतं, आणि गरिबी किंवा अज्ञान हे उत्तर दर वेळी चालतंच असं नाही.

शिवाय कागद संपतात. पेन्शन नसलेल्या जवानाची सेवापुस्तकं रेकॉर्ड ऑफिस साधारण २५ वर्षांनी नष्ट करतं आणि उरते ती लाँग रोलमधली, म्हणजे जवानांच्या कायमच्या नोंदवहीतली, एक ओळ. त्या ओळीवरून नोटीस दिली होती की नाही हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. जवान हयात नसेल तरी २००७ चा कायदा त्याच्या वारसांना लागू आहे, आणि त्याचा डिस्चार्ज रद्द झाला तर पत्नीला कुटुंब पेन्शन मिळू शकते. त्यामुळे ट्रंकेत जुनं डिस्चार्ज बुक आणि एखादी पिवळी पडलेली नोटीस असेल, तर तिची झेरॉक्स काढून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवायचं काम याच महिन्यात उरकून घ्यावं.